‘यू रिअली गॉट मी’मधला तो सोलो जिमी पेजचा नाहीच!

सहातारी

द किंक्स या इंग्लिश रॉक बँडचं ‘यू रिअली गॉट मी’ हे गाणं ४ ऑगस्ट १९६४ ला निघालं. इतकी वर्षं उलटली, पण गिटारवाल्यांची बैठक जमली की कोणीतरी हमखास सांगतो, “त्यातला सोलो जिमी पेजचा आहे बरं का, तो तेव्हा सेशन करायचा.” सोलो म्हणजे गाण्याच्या मधला एकट्या गिटारचा तुकडा, पेज म्हणजे पुढे लेड झेपलिन बँडमुळे गाजलेला गिटारिस्ट, आणि सेशन म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर पैसे घेऊन वाजवणं. परवा क्लासमधल्या एका मुलाने तेच ऐकवलं, आणि तेही जगाला ठाऊक असलेली गोष्ट सांगावी अशा थाटात. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

माझं म्हणणं स्वच्छ आहे. तो सोलो किंक्सचाच गिटारिस्ट डेव्ह डेव्हिसने वाजवला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. स्वतः पेजने अनेक मुलाखतींत सांगितलंय की त्या गाण्यात तो नव्हता. निर्माता शेल टॅल्मी तेच सांगत राहिला. डेव्ह तर आयुष्यभर तेच सांगतोय. ज्याच्या नावावर श्रेय जमा होतंय तोच नको म्हणतोय, तरी लोक देतच राहतात! याचा मला मनापासून राग येतो. एका पोराने केलेलं काम त्याच्याकडून काढून पुढे मोठ्या झालेल्या माणसाला दिलं जातंय.

पेजच्या बाजूने ऐकीव गप्पांपलीकडे कोणाकडे काही असेल तर जरूर मांडा.

कोथरूडचा केशव

हे गाणं व्हॅन हेलनचं ना?

सहातारी

@केशव, व्हॅन हेलनने ते १९७८ मध्ये परत केलं, त्यांचं पहिलं सिंगल तेच. त्यातला सोलो त्यांचा गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनचा, त्यावर वाद नाही. मूळ गाणं त्याच्या चौदा वर्षं आधीचं. दोन्ही लागोपाठ ऐकून बघ, मजा येईल.

जुनी तबकडी

सहातारी, तुमची कळकळ समजली. पण शंका हवेतून आलेली नाही, हेही लक्षात घ्या.

त्या काळात लंडनमध्ये नव्या बँडला स्टुडिओत नेलं की निर्माता आधी घड्याळाकडे बघायचा. तासांचे पैसे पडायचे. बँडमधला एखादा कच्चा वाटला की त्याच्या जागी भाड्याचा माणूस बसवायचा आणि कव्हरवर त्याचं नाव कुठेच नसायचं. याच गाण्याचं घ्या. किंक्सचा ड्रमर मिक एव्हरी. तो नुकताच बँडमध्ये आला होता, म्हणून टॅल्मीने ड्रम्सवर बॉबी ग्रॅहमला बसवलं. बिचाऱ्या एव्हरीच्या हातात खंजिरी दिली! पियानोही बाहेरच्याचा. आर्थर ग्रीनस्लेडचं नाव घेतात, आणि पुढे डीप पर्पलमध्ये गेलेले जॉन लॉर्ड सांगायचे की तो पियानो त्यांनी वाजवला.

म्हणजे ड्रम्सवर विश्वास नाही, पियानोला माणूस बाहेरून, आणि गाण्याचा सगळ्यात अवघड भाग मात्र सतरा वर्षांच्या मुलावर सोडला? टॅल्मीच्या हाताशी लंडनमधला सगळ्यात मागणी असलेला तरुण गिटारिस्ट असताना? शंका घेणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही.

वायरमन

तबकडीकाकांचा मुद्दा ड्रम्सच्या बाबतीत बरोबर आहे, पण गिटारच्या बाबतीत एक गोष्ट सुटते. त्या गाण्याचा आवाजच मुळात डेव्हच्या घरातून आला होता.

त्याच्याकडे एल्पिको नावाचा हिरवा, छोटा, स्वस्तातला अँप होता. उत्तर लंडनच्या मसवेल हिलमधल्या रेडिओच्या दुकानातून घेतलेला. वैतागाच्या भरात त्याने दाढीचं ब्लेड घेऊन त्या स्पीकरचा कागदी कोन चिरला. आता यात होतं काय ते सांगतो, कारण लोक नुसतं “ब्लेड मारलं” म्हणून पुढे जातात. स्पीकरचा कोन अखंड असतो तेव्हा तो एकसंध पुढेमागे हलतो, म्हणून आवाज स्वच्छ. चिरा पडल्या की प्रत्येक तुकडा आपापला हलतो, एकमेकांवर घासतो. पतंगाचा फाटलेला कागद वाऱ्यात फडफडतो ना, तशी खरखर त्या स्वरात मिसळते. वर डेव्हने त्या चिरलेल्या अँपमधून निघालेला आवाज व्हॉक्स एसी-३० या मोठ्या अँपमध्ये घातला. म्हणजे छोटा अँप आवाज बिघडवणार आणि मोठा तो बिघडलेला आवाज वाढवणार.

फझ बॉक्स, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल, तेव्हा अस्तित्वात नव्हता असं नाही. मायस्ट्रोचा फझ-टोन १९६२ पासून बाजारात होता. पण डेव्हने पेडल वापरलंच नाही. हा आवाज ज्याने घरी बसून शोधला, त्याची वाजवण्याची वेळ आल्यावर गिटार दुसऱ्याच्या हातात द्यायची? मला पटत नाही.

सहातारी

वायरमन, जियो! गिटारही महागडी नव्हती, हार्मनी मिटिऑर.

रेवती, लंडन

मी उत्तर लंडनमध्ये राहते, फोर्टिस ग्रीनपासून बसने जवळच. डेव्हिस भावंडांचं घर तिथेच, आणि समोर ‘क्लिसोल्ड आर्म्स’ नावाचा पब. त्या पबमध्ये या दोघा भावांनी सुरुवातीला वाजवलं, आता आत त्यांचे फोटो आणि जुन्या गोष्टी जपून ठेवल्यात. डेव्हचा मोठा भाऊ आणि बँडचा गायक रे डेव्हिसने या गाण्याची चाल घरच्या पुढच्या खोलीतल्या पियानोवर बांधली होती. आज त्या रस्त्यावरून गेलं तर अगदी साधी घरं दिसतात, कोपऱ्यावर दुकानं. इतक्या साध्या गल्लीतून तो आवाज निघाला याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता पुरावा म्हणाल तर माझ्या लेखी सगळ्यात मोठा पुरावा रेच्या आत्मचरित्रातला आहे. सोलो सुरू होण्याच्या क्षणी भावाला जोर यावा म्हणून रे स्टुडिओच्या या टोकावरून ओरडला. डेव्हची तंद्री मोडली आणि त्याने तिथल्या तिथे भावाला शिवी हासडली. ती झाकायला रे पुन्हा मध्ये ओरडला. ड्रम्सच्या त्या छोट्या तुकड्यानंतर, सोलोच्या तोंडाशी नीट कान देऊन ऐका, मागे काहीतरी ओरडल्याचं कानावर येतं.

भाड्याने आलेल्या सेशनवाल्याला कोणी असं ओरडत नाही. ही सख्ख्या भावांची भाषा आहे.

मी_आणि_माझी_उकुलेली

रेवतीताई, आत्ता हेडफोन लावून ऐकलं. अंगावर काटा!!

कोथरूडचा केशव

मीही ऐकलं. मोठा भाऊ जगात सगळीकडे सारखाच 😄

जुनी तबकडी

रेवतीबाई, किस्सा फार सुंदर आहे. पण तो रेने तीस वर्षांनी लिहिलेला. आठवण आणि पुरावा यांत अंतर असतं. शिवाय सगळे सांगणारे घरचेच. डेव्ह घरचा, रे घरचा, टॅल्मी त्यांचा निर्माता.

सुरेल_बेसूर

काका, मग पेजच्या नकाराचं काय करायचं? तो घरचा नाही. आणि टॅल्मीला लपवायचं असतं तर तो काहीच बोलला नसता. उलट त्याने उघड सांगितलंय की किंक्सच्या पहिल्या एलपीवर त्याने पेजला घेतलं होतं, रेला गाताना गिटारची काळजी नको म्हणून रिदमसाठी. गोंधळाचं मूळ हेच आहे. ‘किंक्स’ नावाची ती एलपी ऑक्टोबर १९६४ ची. तिच्यात पेजही आहे आणि तिच्यातच ‘यू रिअली गॉट मी’ही आहे. कोणीतरी दोन्ही गोष्टी जोडल्या, झालं. त्यात भर म्हणून बँडच्या एका मॅनेजरचं नाव लॅरी पेज! “पेज होता तिथे” हे वाक्य त्या अर्थानेही खरंच.

आता कानाचं बोलतो, कारण शेवटी हा प्रश्न कानाचाच आहे. तो सोलो नीट ऐका. स्वर घोळक्याने येतात, एकमेकांना ढकलत. तालाच्या थोडं पुढे पळतात. मध्येच एकाच स्वरावर अडून बसतो, परत सुटतो. सोलो संपतो तोही वळण घेऊन नाही, धाडकन. वाजवणाऱ्याला पुढच्या सेकंदाला काय करायचं ते ठाऊक नाही, आणि त्यातच त्याची सगळी ताकद आहे. पेजचं त्या वर्षांतलं सेशनचं काम ऐकलं तर ते मोजूनमापून, जागेवर बसलेलं. सेशनवाल्याला तसंच वाजवावं लागतं, दुसऱ्याच्या गाण्यात खपून जायचं असतं ना.

मग लगेच पुढचं सिंगल लावा, ‘ऑल डे अँड ऑल ऑफ द नाइट’, तेही ऑक्टोबर १९६४ चंच. हात तोच, घाई तीच, खरखरही तीच. आणि १९६७ मध्ये ग्लासगोच्या केल्विन हॉलमधल्या कार्यक्रमाची रेकॉर्ड आहे, तिथेही डेव्हचा तोच रांगडेपणा. तिथे पेज पडद्याआड बसून वाजवत होता असं तर कोणी म्हणणार नाही.

वायरमन

+१. आणि एक विसरू नका, १९६४ च्या जुलैमध्ये पेज होता वीस वर्षांचा. लेड झेपलिन १९६८ मध्ये झालं. आपण सगळे झेपलिनचा चष्मा लावून १९६४ कडे बघतो. त्या दिवशी आयबीसी स्टुडिओत पेज आला असता तरी टॅल्मीसाठी तो वेळेवर येणारा एक चांगला पोरगा होता, इतकंच.

मडगांवकार

वाचतोय सगळं. वेगळ्याच गोष्टीवर लिहावंसं वाटलं.

तुम्ही लंडनच्या सेशनवाल्यांबद्दल बोलताय, पण आमच्या गोव्यातल्या किती घरांत ही कथा आहे! चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे. ती मुलं पुढे मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट. संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि यांनी पन्नास वाद्यांसाठी ती कागदावर उतरवायची. पाटीवर नाव एकट्या संगीतकाराचं. अँथनी गोन्साल्विसांचं नाव देशाला कळलं ते १९७७ मध्ये, तेही सिनेमातल्या विनोदी गाण्यामुळे. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, म्हणून गुरूचं नाव त्यात आलं.

माझ्या आजोबांचे एक चुलतभाऊ त्या वाद्यवृंदांत वाजवायचे. रेडिओवर गाणं लागलं की आवाज मोठा करून म्हणायचे, “हें हांवें वाजयलां.” घरातले हसायचे. ते बरोबर सांगत होते की नाही, हे तपासायला आज एकही कागद नाही. म्हणून सहातारींचा राग मला कळतो. डेव्हच्या बाजूने बोलणारे निदान आहेत.

मी_आणि_माझी_उकुलेली

मडगांवकार, हे वाचून गलबलून आलं. आजोबांच्या भावांना नमस्कार.

नाद_खुळा_कोल्हापूर

मडगांवकारांच्याच मुद्द्यावर. ‘दम मारो दम’ची सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवलीय. गझल गाणारे भूपिंदर म्हणून सगळ्यांना माहीत, पण ती गिटार त्यांची हे आमच्या ऑर्केस्ट्रातल्या निम्म्या पोरांना माहीत नव्हतं. मी स्टेजवर गाणं सुरू व्हायच्या आधी सांगतो आता. लोक टाळ्या वाजवतात.

तबला_अनिकेत

नावं दिली न दिलीचा विषय निघालाय तर बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ला विसरून चालणार नाही. १९६६. त्या एकाच एलपीत तीन गमती आहेत.

पहिलं गाणं ‘टॅक्समन’. लिहिलं जॉर्ज हॅरिसनने, गायलं त्याने, लीड गिटारिस्ट तोच. आणि सोलो कोणी वाजवला? पॉल मॅकार्टनीने! कित्येक वर्षं लोक जॉर्जचा म्हणून तो सोलो घोटत होते. गाण्याच्या शेवटी परत येतो तो सोलोही वेगळा वाजवलेला नाही, मधलाच उचलून लावलाय. जॉर्जला याचं वाईट वाटलं नाही, उलट पॉलने त्यात थोडा भारतीय ढंग आणला म्हणून तो खूश होता.

दुसरं, ‘लव्ह यू टू’. त्यात तबला अनिल भागवत यांचा, आणि त्यांचं नाव कव्हरवर छापलंय. बाहेरच्या वादकाचं नाव बीटल्सच्या कव्हरवर, १९६६ मध्ये! मी तबला शिकणारा, माझ्यासाठी ही केवढी अभिमानाची गोष्ट आहे.

तिसरं त्याच गाण्यातलं. सतार जॉर्जनेच वाजवली की लंडनमधल्या एखाद्या भारतीय सतारियाने, यावर अभ्यासक अजून भांडतात. म्हणजे एकाच गाण्यात तबलजीचं नाव पक्कं आणि सतारीचं वादात.

कोथरूडचा केशव

मग ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’? तो तर क्लॅप्टन ना?

सुरेल_बेसूर

हो, एरिक क्लॅप्टन. ६ सप्टेंबर १९६८. जॉर्जने त्याला गळ घातली तेव्हा क्लॅप्टन कचरत होता, बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचं कोणी गिटार वाजवत नाही म्हणून. जॉर्ज म्हणाला, गाणं माझं आहे, चल. आवाज फार क्लॅप्टनसारखा वाटू नये म्हणून टेपचा वेग हलवून त्याला मुद्दाम डगमगतं केलं. कव्हरवर नाव नाही. पण तिथे वाद कधीच टिकला नाही, कारण दोघांनीही मोकळेपणाने सांगितलं.

किंक्सच्या बाबतीतही सगळ्यांनी मोकळेपणाने सांगितलंय, तरी वाद टिकला. फरक मला असा वाटतो: क्लॅप्टनची गोष्ट ऐकायला भारी वाटते, मोठा माणूस गुपचूप येऊन वाजवून गेला. लोकांना तीच गोष्ट सगळीकडे हवी असते. मसवेल हिलच्या पोराने स्वतःच वाजवलं, यात गुपित काही उरत नाही.

रेवती, लंडन

सुरेल_बेसूर, शेवटचा परिच्छेद शंभर टक्के पटला. त्याच वर्षीचं बेलफास्टच्या ‘देम’ या बँडचं उदाहरण आहे. ‘बेबी प्लीज डोंट गो’च्या सेशनला पेज खरोखर होता, दुसरी गिटार वाजवायला. झालं, ती गाजलेली सुरुवातीची धूनही लोकांनी पेजच्या खात्यात टाकली. ती बिली हॅरिसनची. पेजच्या आजूबाजूला १९६४ मध्ये जो कोणी गिटार घेऊन उभा होता, त्याचं श्रेय नंतर पेजकडे सरकलं.

आणि पेजला याची गरज तरी काय? गायक जो कॉकरच्या ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’वर तो आहे, द हूच्या ‘आय कान्ट एक्स्प्लेन’च्या सेशनला होता. तीही टॅल्मीचीच निर्मिती.

नाद_खुळा_कोल्हापूर

पेजवरून आठवलं. १९७२ मध्ये पेज आणि लेड झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही स्वतःची गाणी रेकॉर्ड केली, सतार, तबला, व्हायोलिन्स सगळं. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोथेकमध्येही वाजवलं. ती रेकॉर्डिंग्ज झेपलिनच्या ‘कोडा’ या एलपीच्या नव्या आवृत्तीत २०१५ ला अधिकृतपणे निघाली. मधली त्रेचाळीस वर्षं चोरून कॉपी केलेल्या टेपांवरच फिरत होती. ‘फ्रेंड्स’ ऐकाच. व्हायोलिन्स येतात तिथे मी दर वेळी परत मागे नेतो.

मडगांवकार

त्या व्हायोलिनवाल्यांत आमचे किती असतील!

जुनी तबकडी

धागा चांगला रंगला. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण तो नेमका काय होता ते पुन्हा सांगतो, कारण काहींनी मला पेजचा वकील करून टाकलंय. सोलो पेजचा, असं मी कधीच म्हटलं नाही. शंका रास्त होती असं म्हटलं. जी पद्धत वादकाचं नाव लिहीत नाही, तीच अशा वावड्या जन्माला घालते. दोष पेजच्या चाहत्यांचा कमी, त्या काळच्या रेकॉर्ड कंपन्यांचा जास्त.

आणि सहातारी, न्यायच करायचा तर अर्धा करू नका. डेव्हचं नाव तुम्ही सोडवलंत, उत्तम. पण त्या गाण्याचा कणा बॉबी ग्रॅहमचे ड्रम्स आहेत. रेवतीबाईंनी सांगितलेली ती शिवी ज्या ड्रम्सच्या तुकड्यानंतर येते, तो तुकडा ग्रॅहमचा. आज डेव्हचं नाव लाखो लोकांना माहीत आहे, ग्रॅहमचं किती जणांना? तुमच्या क्लासमधल्या मुलाला तेही सांगा.

सहातारी

काका, हे मान्यच आहे. शुक्रवारच्या बॅचला हे गाणंच घेतोय. आधी फक्त ड्रम्स ऐकायला सांगणार, मग फक्त रिफ (गिटारची ती परत परत येणारी धून), मग सोलो. प्रत्येक वेळी फळ्यावर नाव लिहिणार: ग्रॅहम, किंक्सच्याच पीट क्वाइफचा बेस, रेची रिदम, डेव्हचा सोलो, एव्हरीची खंजिरी. पियानोच्या जागी दोन्ही नावं लिहून प्रश्नचिन्ह ठेवतो.

एक सांगायचं राहिलं होतं. हे गाणं आधी एकदा संथ, ब्लूजच्या चालीत रेकॉर्ड झालं होतं. दोघा भावांना ते अजिबात आवडलं नाही आणि परत करायला मिळावं म्हणून ते अडून बसले. आधीची दोन सिंगल्स पडलेली, कंपनी नाराज, तरी मागे हटले नाहीत. म्हणून जुलैमधलं ते दुसरं रेकॉर्डिंग झालं आणि सप्टेंबरमध्ये गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पहिलं संथ रेकॉर्डिंग तसंच बाजारात आलं असतं तर आज आपण भांडलोही नसतो.

वायरमन

शुक्रवारी वर्गात एक जुना, बिनकामाचा छोटा स्पीकर घेऊन येऊ का? मुलांसमोर ब्लेड मारून दाखवतो. आवाज कसा बदलतो ते त्यांच्या कानांनी ऐकू दे.

सहातारी

या या! सहा वाजता. ब्लेड मात्र तुमच्याच हातात राहील, पोरांच्या नाही.